पायाचं मोठं बोट: राखायचं की काढायचं?

बाळाच्या पायाचं दुसरं बोट जन्मतःच अंगठ्याहून जाड असलं की घरात पहिली चर्चा ग्रहणाची होते. सुनेने पाळलं नाही म्हणे! त्यात काही तथ्य नाही. गर्भात वाढतानाच काही पेशींमधलं एक जनुक बदलतं, बहुतेकदा पीआयके३सीए नावाचं, आणि तेवढ्याच भागातलं हाड, चरबी, मज्जातंतू बेसुमार वाढतात. डॉक्टर याला मॅक्रोडॅक्टिली म्हणतात. हे सहसा आईबापाकडून आलेलं नसतं.

काही बोटं अंगाच्या वाढीबरोबरच वाढतात, काही पुढे धावतात. दर तीन महिन्यांनी दोन्ही पावलं कागदावर रेखाटून तारीख टाकत जा. डॉक्टरांपुढे हा कागद तोंडी वर्णनापेक्षा जास्त बोलतो.

बोट राखायचं तर चरबी टप्प्याटप्प्याने काढतात. एका वेळी एकच बाजू, कारण दोन्हीकडे एकदम हात घातला तर रक्तपुरवठा धोक्यात येतो. बोट आईच्या किंवा बापाच्या बोटाएवढं लांब झालं की हाडाची वाढ थांबवतात. लांबी थांबते, जाडी मात्र पुढेही वाढू शकते. म्हणजे पुन्हा ऑपरेशन, आणि बोट ताठरण्याची शक्यता.

काढायचं तर बोटासोबत पावलातलं त्याचं लांब हाडही काढतात. पाऊल अरुंद होतं, साधी चप्पल बसते, बहुधा एका ऑपरेशनात मुख्य काम उरकतं. ऐकायला क्रूर वाटतं, पण पायाच्या मधल्या बोटांसाठी मी याच बाजूचा. कणकवलीहून मुंबईच्या चार-पाच खेपा, दर वेळी बुडणारी मजुरी आणि शाळा, हे तराजूत घालाच. अंगठा असेल तर मात्र काढायची घाई नको. चालताना भार त्याच्यावर येतो.

हाताचा हिशेब वेगळा. तिथे पकड आणि स्पर्श महत्त्वाचे, म्हणून शक्य तोवर राखावं. मुंग्या येत असतील तर मनगटात नस दबली आहे का तेही बघून घ्यावं.

गोळीबद्दल विचारणारेही भेटतात. अल्पेलिसिबला २०२२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण या जनुकामुळे होणाऱ्या गंभीर आजारांसाठी. एका बोटासाठी तिच्यामागे धावू नका.

अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकाला बोट दाखवा, जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी तिथूनच मिळते. घाई नसेल तर ऑपरेशन दिवाळीनंतर ठेवा. आपल्याकडच्या आषाढात प्लास्टर कोरडं ठेवून दाखवा बघू!