तीन नातवंडे, तीन तारखा : म्हापशातील एका कागदपत्र कार्यालयाचा अनुभव

माझा मुलगा २०१४ सालच्या ऑगस्टमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला आणि तेव्हापासून स्विंडन येथे राहतो. त्याला तीन मुले आहेत. या मुलांची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंद करण्यासाठी आम्ही गोव्यात दोन ठिकाणी सल्ला घेतला. त्यांपैकी दुसऱ्या ठिकाणाविषयी, म्हणजे म्हापसे बाजारापासून थोड्या अंतरावर एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर असलेल्या कार्यालयाविषयी, हे लिहीत आहे. ते चालवणाऱ्या बाईंना प्रसिद्धी नको आहे, म्हणून नाव देत नाही. परंतु असे काम नीट करणारे माणूस कसे ओळखावे, हे आमच्या अनुभवावरून इतरांना कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण डिचोली, पेडणे, बार्देश या तालुक्यांतील कितीतरी घरांतून मुले अशीच तिकडे गेली आहेत आणि त्यांचे आईवडील आमच्यासारखेच इथे बसून कागद जमवत आहेत.

आधी पहिल्या ठिकाणाविषयी थोडक्यात सांगते. २०२४ च्या चवथीला (गणेशचतुर्थीला) मुलगा घरी आला, तेव्हा ओळखीच्या एकाने सांगितल्यावरून आम्ही एका एजंटाकडे गेलो. त्याने तिन्ही मुलांची नावे एका कागदावर लिहून घेतली, प्रत्येकी १,२१४ पौंड सरकारी शुल्क, म्हणजे एकूण ३,६४२ पौंड, आणि प्रत्येक मुलामागे स्वतःची वेगळी फी असा हिशेब पाच मिनिटांत मांडला. शिवाय विवाहाचा दाखला आणि जन्मदाखले, सगळ्यांवर आपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून आणा असेही सांगितले. कोणते मूल कुठे जन्मले आणि केव्हा जन्मले, हे त्याने एकदाही विचारले नाही. त्या दिवशी मला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण पोर्तुगीज कागदांच्या वेळीही आम्ही असेच सांगितलेले ऐकले होते आणि सांगितलेले पैसे भरले होते.

दुसऱ्या कार्यालयात बाईंनी आम्हांला बसायला सांगितले, पाणी दिले आणि फी, फॉर्म यांतले काहीही न बोलता म्हणाल्या, "काकी, आधी मला तारखा सांगा. मुलगा तिथे कधी पोहोचला, त्याला सेटल्ड स्टेटस कधी मिळाले, आणि प्रत्येक मूल कधी, कुठे जन्मले." मुलगा ऑगस्ट २०१४ मध्ये पोहोचला, पाच वर्षांचे सलग वास्तव्य पूर्ण झाल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्क, मिळाले. थोरली नात २०१२ साली म्हापशात जन्मली. मधला नातू मे २०१८ मध्ये आणि धाकटी नात फेब्रुवारी २०२१ मध्ये, दोघेही स्विंडनला. बाईंनी हे एका रेघेवर क्रमाने मांडले आणि त्या रेघेवरूनच आमच्या तिन्ही नातवंडांचे उत्तर वेगवेगळे निघाले.

ब्रिटनमध्ये जन्म झाला म्हणजे मूल ब्रिटिश झाले, असा समज आपल्याकडे अजून आहे. १ जानेवारी १९८३ पासून तसे राहिलेले नाही. १९८१ चा ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्ट त्या दिवसापासून लागू झाला आणि तेव्हापासून मुलाच्या जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक असावे लागतात किंवा तिथे सेटल्ड असावे लागतात. प्री-सेटल्ड स्टेटस, म्हणजे पाच वर्षे पूर्ण होण्याआधीची तात्पुरती परवानगी, त्यात मोजले जात नाही. धाकटीचा जन्म झाला तेव्हा वडिलांना सेटल्ड स्टेटस मिळून वर्षाहून अधिक काळ झाला होता, म्हणजे ती जन्मतःच ब्रिटिश नागरिक आहे. तिची नोंदणी करायचीच नाही, थेट पासपोर्टचा अर्ज करायचा, आणि त्याला तिचा पूर्ण जन्मदाखला व जन्माआधीपासून वडिलांचे स्टेटस असल्याचा पुरावा जोडायचा. पहिला एजंट मात्र तिच्यासाठीही १,२१४ पौंडांचा अर्ज भरायला लावत होता. हे ऐकताना माझ्या सुनेचा चेहरा मला आजही आठवतो. रात्रपाळी करून साठवलेले ते पैसे आहेत.

मधल्याचा जन्म स्टेटस मिळण्याच्या दीड वर्ष आधीचा. तो जन्मतः ब्रिटिश नाही, पण त्याच कायद्याच्या पहिल्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे, ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील ते मूल अठरा वर्षांचे होण्याआधी सेटल्ड झाले, तर त्या मुलाला नोंदणीचा हक्क मिळतो. हक्क हा शब्द बाईंनी दोनदा उच्चारला. अर्ज अठरा वर्षांच्या आत केला आणि कागद बरोबर असले, तर ही नोंद अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. त्यांनी इथे आणखी एक प्रश्न विचारला, ज्याचे महत्त्व मला नंतर कळले. मुलगा तिथे २०१३ च्या आधी गेला होता का? गेला असता, तर युरोपीय नागरिकाला पाच वर्षांनंतर त्या काळच्या नियमांनी आपोआप मिळणाऱ्या कायम वास्तव्याच्या हक्कामुळे मधलाही जन्मतःच ब्रिटिश ठरण्याची शक्यता होती, आणि मग पासपोर्टावरचे शिक्के, पगाराच्या पावत्या अशा जुन्या पुराव्यांच्या मागे लागणे योग्य ठरले असते. आमच्या बाबतीत मधल्याच्या जन्मापर्यंत चार वर्षेही होत नव्हती, म्हणून नोंदणी हाच रस्ता.

वयाची एक गोष्टही त्यांनी लक्षात आणून दिली. मूल दहा वर्षांचे झाले की अर्जात चांगल्या वर्तनाची अटही तपासली जाते. बहुतेक मुलांना त्यात काही अडचण येत नाही, पण मधला मे २०२८ मध्ये दहा वर्षांचा होईल, तोवर थांबण्याचे काहीच कारण नाही असे त्यांचे मत पडले, आणि आम्हांला ते पटले. शुल्क झेपत नसेल तर जून २०२२ पासून मुलांच्या नोंदणीसाठी शुल्कमाफीचा अर्ज करता येतो, हेही त्यांनी आपणहून सांगितले. आम्हांला ती माफी लागू होण्यासारखी नव्हती. पण ज्यांना लागू आहे त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचत नाही, याचे वाईट वाटते.

आता कागदांविषयी, कारण या कार्यालयाचे खरे कसब तिथे दिसले. माझे यजमान गोवा मुक्तीच्या, म्हणजे १९६१ च्या १९ डिसेंबरच्या, आधी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले, म्हणून त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवता आला आणि त्यांच्यामागून मुलाचा. पोर्तुगीज काळातील त्यांच्या जन्मनोंदीत, जिच्या संपूर्ण उताऱ्याला आपल्याकडे अजूनही तेओर म्हणतात, 'श' लिहायला एक्स हे अक्षर वापरलेले आहे, आणि ते वळण मुलाच्या पोर्तुगीज कागदांतही उतरले. त्याच्या विवाहाच्या नोंदीत मात्र नाव इंग्रजी वळणाचे आहे. आता वडील म्हणून मुलाचा हक्क सिद्ध करायला हा विवाहाचा दाखला फार महत्त्वाचा आहे, कारण १ जुलै २००६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत आई विवाहित असेल तर तिचा त्या वेळचा पती हाच कायद्याने वडील मानला जातो. म्हणजे दाखल्यावरचा माणूस आणि पोर्तुगीज पासपोर्टवरचा माणूस एकच, हे स्पष्ट दिसायला हवे. पहिल्या एजंटाने यासाठी नाव बदलून राजपत्रात छापून घ्या असे सुचवले होते. बाईंनी त्याला नकार दिला, कारण इथले नाव बदलले तरी लिस्बनची नोंद बदलत नाही आणि घोळ वाढतो. त्यांनी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून घेतले, आईवडिलांची नावे असलेली जन्मनोंदीची प्रमाणित प्रत जोडली, आणि अर्जात 'इतर नावे' असा रकाना असतो तिथे दुसरे वळणही लिहायला सांगितले. आपोस्टिल पोर्तुगालच्या कामासाठी लागले होते, या अर्जासाठी त्याची गरज नाही, असे सांगून त्यांनी आमचा तोही खर्च आणि पणजीच्या खेपा वाचवल्या. विवाहाच्या दाखल्यावरची दुसऱ्या सहीची तारीखही त्यांनी तपासून पाहिली. गोव्यात विवाहाच्या नोंदीसाठी दोनदा सह्या होतात, त्यामुळे लग्न लागले त्या दिवसापेक्षा नोंदणी कार्यालयातील सह्यांची तारीख वेगळी असते आणि लोक गडबडीत लग्नपत्रिकेवरची तारीख लिहून टाकतात.

त्यांच्या कामात एक उणीव राहिली, तीही सांगितली पाहिजे. मधल्याचा तिकडचा जन्मदाखला आम्ही त्यांना दाखवला तो लहान दाखला होता, ज्यावर आईवडिलांची नावे नसतात. पूर्ण दाखला लागेल हे त्यांच्या ध्यानात उशिरा आले, आणि मुलाला स्विंडनहून तो मागवावा लागल्यामुळे तीन आठवडे गेले. चूक त्यांनी लगेच मान्य केली, पण ज्यांची विमानाची तिकिटे ठरलेली असतात त्यांना असे तीन आठवडे जड जातात. शिवाय इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना अरुंद व उंच आहे, माझ्या वयाच्या माणसाला त्रासाचा. फोन दुपारी उचलला जात नाही. फी मात्र आधी सांगितली तितकीच घेतली आणि प्रत्येक रकमेची पावती दिली.

मला सर्वांत जास्त आदर वाटला तो त्यांनी आपली मर्यादा सांभाळली याचा. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला कोणीही देऊ शकत नाही. तो अधिकृत सल्लागारानेच द्यायचा असतो, तसे नसताना देणे हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. गोव्यात बसलेल्या एजंटावर मात्र असे कोणतेही बंधन दिसत नाही. बाईंनी कागद जमवणे, नावे जुळवणे, काय कोणत्या रकान्यात जाते हे समजावणे इतकेच काम आपले मानले. अर्ज पाठवण्याआधी तिथल्या नोंदणीकृत सल्लागाराकडून एकदा वाचून घ्या, असे त्यांनी मुलाला स्पष्ट सांगितले आणि सल्लागाराचे नाव अधिकृत यादीत कसे शोधायचे तेही दाखवले.

पुढचे काम तिकडचे होते आणि ते सरळ झाले. मधल्याच्या नोंदणीचा एमएन-वन हा अर्ज मुलाने ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन भरला. त्यासाठी दोन जामीनदारांसारखे ओळख देणारे लागतात, त्यांतला एक नातवाला आपल्या व्यवसायाच्या नात्याने ओळखणारा हवा. नातवाच्या शाळेतील शिक्षिकेने ते केले. मग त्याला केंद्रावर नेऊन फोटो आणि बोटांचे ठसे घेतले. साधारणपणे सहा महिने धरून चालावे असे सांगितले होते, आम्हांला उत्तर फेब्रुवारीत आले. लहान मुलांना शपथेचा समारंभ नसतो, प्रमाणपत्र टपालाने घरी येते. धाकटीचा पासपोर्ट त्याआधीच आला होता.

थोरलीचे काम अजून बाकी आहे. ती गोव्यात जन्मली, त्यामुळे वरचा हक्क तिला नाही. तिची नोंद त्याच कायद्याच्या कलम तीनखाली ब्रिटिश गृहखात्याच्या विवेकाने होते, आणि तिथे मुलीचे भवितव्य ब्रिटनमध्ये आहे का, आईवडिलांची तिथली स्थिती काय आहे, हे पाहतात. सल्लागाराच्या मते मुलाने स्वतः ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज करावा आणि त्याच वेळी तिचा जोडावा. नकार आला तर शुल्क परत मिळत नाही, म्हणून घाई करायची नाही. दुसरी गोष्ट अशी की तिच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा ती ब्रिटिश झाली की तो पासपोर्ट जमा करावा लागेल आणि इथे येण्याजाण्यासाठी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड, काढावे लागेल. याविषयी बाईंनी कोणताही आग्रह धरला नाही. मुलगी आता बारा वर्षांची आहे, तिलाही विचारा, इतकेच त्या म्हणाल्या. येत्या चवथीला ती आमच्याकडे येणार आहे, तेव्हा आम्ही सगळे मिळून तिच्याशी बोलणार आहोत, आणि त्यानंतर तिचे कागद घेऊन मी पुन्हा त्याच जिन्याने वर जाणार आहे.