जुनी टेन मीटर रायफल घेताय? सिलेंडरवाली की साइड-लिव्हर

पोरगी क्लबात नेम धरायला शिकली, हात स्थिर झाला, आता स्वतःची रायफल हवी. नवी परदेशी मॅच रायफल, म्हणजे 10 मीटर स्पर्धेची एअर रायफल, लाखांत जाते, म्हणून कोल्हापूर-पुण्याच्या नेमबाजांनी विकायला काढलेल्या जुन्या रायफलींकडे नजर वळते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहणाऱ्यांनी त्यांतल्या दोनच जातींचा गंभीरपणे विचार करावा: दाबलेल्या हवेचा सिलेंडर असलेली पीसीपी, आणि दर गोळीला बाजूचा दांडा ओढून हवा भरायची सिंगल-स्ट्रोक. देशी स्प्रिंग रायफल हाताला वळण लावायला ठीक आहे, पण निशाणावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त 0.5 मिलिमीटरचा असतो. तिथे स्प्रिंगचा धक्का आड येतो.

ओळखायला सोप्या. नळीखाली सिलेंडर आणि त्याच्या टोकाला दाबाचं घड्याळ दिसलं की पीसीपी: एफडब्ल्यूबी (फाइनवेर्कबाउ) 700 किंवा 800, वॉल्थर एलजी 400, हॅमरली एआर 20. बाजूला लांब दांडा आणि सिलेंडर नाही, तर बहुधा 1984 ला आलेल्या एफडब्ल्यूबी 600 च्या घराण्यातली 601, 602 किंवा 603. फसगत होते ती एफडब्ल्यूबी 300 एसमुळे. दांडा तिलाही बाजूलाच असतो, पण आत स्प्रिंग आहे. उडवताना तिचं यंत्र रुळावर किंचित मागे सरकतं, त्यावरून ती कळते. रायफल उत्तम, फक्त 600 च्या भावात घेऊ नका.

पीसीपीच्या किमतीचा निम्मा प्रश्न सिलेंडरवर छापलेल्या तारखेत असतो. बऱ्याच सिलेंडरांची मुदत 10 वर्षांची असते. मुदतीतला सिलेंडर वापरणं ही आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार नेमबाजाची स्वतःची जबाबदारी आहे. तारीख उलटलेली असेल तर नव्या सिलेंडरची पूर्ण किंमत मागितलेल्या भावातून वजा करा, त्यात घासाघीस नको. मग 200 बारपर्यंत भरून रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आलेला दिसला तर सील बदलायचा खर्चही धरा.

आणि हवा आणणार कुठून? मालवण-तारकर्लीच्या पट्ट्यात स्कुबावाल्यांकडे गाळलेली, कोरडी हवा भरणारे कॉम्प्रेसर आहेत. आधी त्यांच्याशी बोलून घ्या, योग्य अडॅप्टर मिळवा, आणि पीसीपीचा मोठा अडसर संपला. गुहागर-दापोलीकडे ही सोय हाताशी नसेल तर हँडपंप उरतो. आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेत हँडपंप मारला की ओलावा थेट सिलेंडरमध्ये आणि हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये जातो. अशा घरासाठी मी सरळ सिंगल-स्ट्रोक सुचवते. तिला हवा विकत आणायची नाही, मुदतीची भीती नाही. मात्र दांड्याला ताकद लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाने साठ वेळा तो ओढला की खांदा भरून येतो आणि शेवटच्या गोळ्या वाया जातात. घेण्याआधी दांडा मारून काही मिनिटं थांबा, मग गोळी उडवा. छिद्र नेहमीपेक्षा खाली पडलं तर सील गळतंय.

खाऱ्या वाऱ्याची तपासणी दोन्हींना सारखीच, आणि इथे घाई अजिबात नको. केसमधला फोम ओल धरतो, म्हणून नळीची फोमला टेकणारी बाजू उजेडात फिरवून पाहा. तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे सापडतात. वरचा गंज तेलाने पुसला जातो, खड्डे जात नाहीत. ॲल्युमिनियमच्या स्टॉकवर (दस्त्यावर) स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी दिसली तर तो स्क्रू अडकलेला असू शकतो. स्वतः फिरवून बघा. लाकडी स्टॉक पावसाळ्यात फुगतो, म्हणून किनाऱ्यावर मी ॲल्युमिनियमला थोडे जास्त पैसे द्यायला तयार असते.

नळीची खरी परीक्षा कागदावर होते. रायफल टेकवून, मॅच पेलेटने (स्पर्धेच्या छर्‍याने), 10 मीटरवरून एकाच ठिपक्यावर पाच गोळ्या मारा. पाचांचं मिळून एकच भोक हवं. कारखान्याचं टेस्ट कार्ड (तिथे चाचणीत मारलेल्या गोळ्यांचा कागद) असेल तर त्यावरचा नंबर रायफलीच्या नंबराशी जुळवा. कार्ड, मूळ डायॉप्टर (नेम धरायची मागची बारीक छिद्राची साइट) आणि बिल सोबत असलेल्या रायफलीला भाव जास्त मिळतो आणि तो योग्यच आहे. डायॉप्टर नसेल तर तो वेगळा घेताना चांगलाच चटका बसतो.

4.5 मिलिमीटर बोअर (नळीचा आतला व्यास) आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि मॅच रायफली त्या मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली असतात. तरी विक्रीची चिठ्ठी दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रतींसह करून घ्या आणि त्यात रायफलीचा नंबर लिहा. विकणारा सिलेंडरच्या तारखेचा फोटो पाठवायला टाळत असेल, तर रायफल बघायला घाट चढून जाऊ नका.