सोलापूरने कोणते हवामान-उद्दिष्ट स्वीकारावे: 2070 चे की 2050 चे?

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत हवामानविषयक ठराव व्हावा, असे ज्या संस्थांनी, मंडळांनी आणि सोसायट्यांनी मनावर घेतले आहे, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न मुदतीचा येतो. एक वाट देशाच्या चालीने चालण्याची आहे. भारताने 2021 साली ग्लासगो परिषदेत 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजेच नेट झिरोचे (जितका हरितवायू हवेत सोडला तितकाच शोषला जाण्याचे), उद्दिष्ट जाहीर केले. तेच शहरानेही मानावे आणि केंद्र-राज्याच्या योजना येतील तशा राबवाव्यात. दुसरी वाट 2050 ची, जी मुंबईने मार्च 2022 मध्ये आपल्या हवामान कृती आराखड्यात धरली. माझे मत दुसऱ्या वाटेच्या बाजूचे आहे, पण एका अटीवर: 2035 चा टप्पा ठरावातच लिहिलेला असावा आणि त्याची सुरुवात महापालिकेच्या स्वतःच्या वीजबिलापासून व्हावी.

2070 च्या बाजूने जे बोलले जाते, ते उडवून लावण्यासारखे नाही. हे शहर यंत्रमाग आणि विडी या दोन कष्टाच्या धंद्यांवर उभे राहिले आहे. सायझिंग (सुताला खळ देणे) आणि डाईंगच्या (रंगाईच्या) बॉयलरला इंधन लागते, कारखानदाराचा नफा तुटपुंजा असतो, आणि नव्या नियमाचा भार अखेर कामगाराच्या मजुरीवर येईल ही भीती खरी आहे. देशाची वीज जसजशी स्वच्छ होईल, तसतसे आपले उत्सर्जन आपोआप घटेल, हाही युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. मात्र जो नगरसेवक आज तिशीत निवडून येईल तो 2070 मध्ये पंचाहत्तरीच्या घरात असेल. त्याला जाब कोणी आणि कधी विचारायचा? 2035 ची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या आत सभागृहाच्या जेमतेम दोन मुदती बसतात.

कोणी म्हणेल की मोठी उद्दिष्टे मोडतात, आणि त्याला दाखला आहे. कोपनहेगनने 2012 साली ठरवले की 2025 पर्यंत शहर कार्बन-तटस्थ, म्हणजे कार्बनपुरते नेट झिरो, करायचे; 2022 मध्ये, हे मुदतीत होणार नाही, अशी कबुली त्याला द्यावी लागली. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या असलेल्या सोलापूरपेक्षा ते शहर लहान आणि कितीतरी श्रीमंत आहे. तरीही त्या मुदतीच्या धाकाने तिथले उत्सर्जन पुष्कळ खाली आले, आणि नेमके कुठे अडले हे सर्वांना कळले. दूरच्या मुदतीत चूक कळायलाच तीस वर्षे जातात.

आता पाण्याकडे वळतो, कारण सोलापूरपुरता हवामानाचा विषय पाण्यापासूनच सुरू होतो. उजनी धरणाचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरून पंपाने उपसून पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणि तिथून शहरात येते. भीमेच्या औज बंधाऱ्यातले पाणी टाकळीहून चढवावे लागते. एक हजार लिटर पाणी 100 मीटर उंच चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने किमान 0.27 युनिट वीज लागते, आणि पंपातला अपव्यय धरला तर ती साधारण 0.4 युनिटवर जाते. म्हणजे गळतीतून रोज एक कोटी लिटर पाणी वाचले, तर चढाईच्या दर 100 मीटरमागे रोज चार हजार युनिट वाचतात. देशातल्या विजेमागे युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर तेवढ्यानेच दिवसाला पावणेतीन टनांच्या आसपास घट होते. पाण्याच्या पाळीच्या दिवशी पहाटे उठून घागरी, बादल्या आणि पिंपे भरून ठेवणाऱ्या घराला गळती म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही; तीच गळती धुराडेही आहे, इतकेच ठरावाने मान्य करायचे आहे. 2024 च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा वजा 50 टक्क्यांच्याही खाली गेला, म्हणजे वापराचा साठा संपून तळाचा मृतसाठाही उपसावा लागला. धरण असे आटले की दुबार उपसा, म्हणजे तेच पाणी दोनदा पंपाने उचलणे, करावा लागतो, म्हणजे दुष्काळ पाणीही घटवतो आणि त्याच पाण्यामागची वीजही वाढवतो. 2070 च्या वाटेत या कामाला कोणतीही तारीख नाही. 2035 च्या टप्प्यात ते पहिलेच काम ठरते, आणि त्यात कारखानदाराला एक पैसाही मागावा लागत नाही.

दोन वाटांतला दुसरा ठळक फरक उन्हाचा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 अंशांवर जातो, तेव्हा पूर्व भागातल्या पत्र्याच्या खोलीत विडी वळणारी बाई पंखा मुद्दाम मंद ठेवते, कारण वेगाने फिरवला तर मांडीवरच्या सुपातली तंबाखू उडते. यंत्रमागाच्या शेडमध्ये घामाने भिजलेल्या हातांना सुताचा कचरा चिकटतो आणि माग मात्र थांबत नाही. 2010 च्या उष्णतेच्या लाटेत शेकडो बळी गेल्यानंतर अहमदाबादने 2013 साली स्वतःचा उष्णता कृती आराखडा केला. तेलंगणाने 2023 मध्ये गार छतांचे धोरण आणले. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग देणे हे काही फार खर्चाचे काम नाही. पण ते शेडगणिक, वॉर्डवार आणि दरवर्षी उन्हाळ्याआधी करायचे, तर त्याला वर्षाचे उद्दिष्ट लागते, आणि असे उद्दिष्ट महत्त्वाकांक्षी ठरावाखेरीज येत नाही.

बाकीच्या बाबी थोडक्यात. घरच्या छतावरील सौर पॅनेलसाठी केंद्राची 2024 ची पीएम सूर्यघर योजना 3 किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान देते. तिचा लाभ दोन्ही वाटांत सारखाच मिळतो. ओला कचरा वेगळा करणे आणि सिटी बस वाढवणे ही कामे कोणत्याही मुदतीत करावीच लागतील.

एका घोळापासून मात्र सावध राहावे. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प आहे आणि चर्चा हमखास तिकडे वळते. तो महापालिकेच्या हद्दीत नाही, त्याची वीज अनेक राज्यांत जाते, आणि तो बंद-चालू करणे सभागृहाच्या हाती नाही. शहराच्या हिशेबात शहराने वापरलेली वीज धरावी. प्रकल्पाची राख आणि धूर यांचा प्रश्न गंभीर आहे, म्हणूनच तो स्वतंत्रपणे लढावा. त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या पंपांचा हिशेब टाळता येणार नाही.

म्हणून ठरावाचा मसुदा हाती आला, की 2050 हा आकडा शोधण्याआधी तीन ओळी शोधाव्यात: उजनी आणि टाकळीच्या पंपांनी दरमहा किती युनिट वीज घेतली हे जाहीर करण्याची, गळती कोणत्या वर्षी किती टक्क्यांवर आणायची याची, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी किती पत्रे रंगवायचे याची. त्या नसतील, तर सभेत मतदान होण्यापूर्वी त्या घालून घ्याव्यात.