माहीमची बुधवारची नोव्हेना: सलग नऊ आठवड्यांनंतर

वडिलांच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यापासून माझी झोप उडाली होती. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत मन पुढच्या संकटांची मोजदाद करीत राहायचे. अशा अवस्थेत वसईहून निघून, अंधेरीला गाडी बदलून, मी माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील निरंतर साहाय्य मातेच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, नोव्हेनेला (सलग नऊ दिवस किंवा नऊ आठवडे करायच्या प्रार्थनेला) सलग नऊ बुधवार गेले.

ही नोव्हेना येथे 1948 पासून चालते. बुधवारी पहाटेपासून रात्रीपर्यंत अनेक सत्रे होतात आणि ख्रिस्ती नसलेले भाविकही मोठ्या संख्येने येतात. इंग्रजीखेरीज इतर भाषांतही प्रार्थना होत असल्याने, मराठीतून सहभागी व्हायचे असल्यास त्या सत्राची वेळ आधी पाहून घ्यावी.

वेदीजवळच्या मातेच्या चित्राकडे मात्र सावकाश पाहावे. दोन देवदूतांच्या हाती क्रूस, भाला ही दुःखसहनाची साधने पाहून घाबरलेल्या बाळ येशूने आईचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आहे आणि त्याच्या एका पायातली चप्पल निसटून लोंबते आहे. भीती वाटणे म्हणजे विश्वास कमी पडणे, ही माझ्या मनातली अपराधी भावना त्या लोंबत्या चपलेने पुष्कळ हलकी केली.

माझ्या मते या भक्तीचा खरा प्राण पत्रांत आहे. भाविक आपल्या याचना आणि आभार कागदावर लिहून देतात, आणि त्यांतील काही सर्वांसमोर वाचले जातात. नोकरी, परीक्षा, घर, मूल, आजारपण अशा अनोळखी माणसांच्या कहाण्या ऐकताना आपली चिंता एकटी राहत नाही. पहिले पाच बुधवार मी याचनाच लिहिली. सहाव्या बुधवारी आभारपत्र लिहायला बसले, तेव्हा काय लिहावे हेच सुचेना. बऱ्याच वेळाने ‘वडील आज दोन घास जास्त जेवले’ एवढेच लिहिले, आणि त्या रात्री पहाटे जाग आली तेव्हा मनात प्रथम ते दोन घास आले. बायबलमध्ये फिलिप्पैकरांस, म्हणजे फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती मंडळीला, तुरुंगातून लिहिताना प्रेषित पौलाने चिंता सोडण्यास सांगितले, ते विनंतीला आभाराची जोड देऊनच. हे वचन मी लहानपणापासून पाठ म्हणत आले होते, पण आभाराचा भाग माझ्याकडून नेहमी घाईने उरकला जाई.

बाहेर घर, हात, पाय, बाळ अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू मिळतात. त्या घेतल्याच पाहिजेत असे नाही. गर्दीत घुसमटणाऱ्यांनी दुपारचे एखादे सत्र निवडावे, आणि डॉक्टरांनी चिंतेसाठी औषध दिले असेल तर ते मुळीच बंद करू नये. माझेही चालू होते.

नऊ बुधवार संपले आहेत. वडील घरी आहेत, अजून काठीच्या आधाराने चालतात. येत्या बुधवारी ते स्वतः यायचे म्हणतात, आणि आभारपत्र त्यांनी आपल्या हाताने लिहून ठेवले आहे.