२५ हजारांचा क्लास की दीड हजारांची परीक्षा? गुंतवणूक शिकायची कुठून

माझी भाची गेल्या वर्षी इथल्या बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. झाली आणि मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागली. पहिल्या सहा पगारांतून तिने ४० हजार बाजूला टाकले. दिवाळीत दांडिया बाजारातल्या आमच्या घरी फराळाला आली ती एका क्लासचं पत्रक घेऊनच. "मावशी, दोन महिन्यांचा कोर्स आहे, फी २५ हजार. लावू का?"

पत्रकावर मोठ्या अक्षरात 'पोर्टफोलिओ मॅनेजमेंट', म्हणजे आपल्या सगळ्या गुंतवणुकींची एकत्र आखणी, असं लिहिलं होतं. आत १६ दिवसांचा अभ्यासक्रम होता, तो आम्ही दोघींनी बोट ठेवून मोजला. ११ दिवस आलेख वाचायला, तीन दिवस ऑप्शन्सना (शेअर पुढे ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काचे सौदे), एक दिवस डिमॅट खातं उघडायला. पोर्टफोलिओला शेवटचा एक दिवस.

मी नको म्हटलं. पण नुसतं नको म्हणून तिचं शिकायचं राहून गेलं असतं, म्हणून तिच्यासमोर जे जे रस्ते होते ते आम्ही शेजारी शेजारी मांडून पाहिले. तुम्हीही अशाच विचारात असाल तर ते इथे देते.

तुलना करायची तर आधी माप हवं. शिकायचं आहे ते नेमकं काय? माझ्या मते तीन गोष्टी: कोणता पैसा किती वर्षांनी लागणार, त्यानुसार तो कुठे किती ठेवायचा, आणि बाजार कोसळला त्या दिवशी काय करायचं. कोणता शेअर घ्यायचा हा प्रश्न यानंतर येतो, आणि बऱ्याच घरांना तो सोडवावाच लागत नाही.

भाचीला हे पटवायला मी एक वही घेतली. समज, एक लाख रुपये सगळेच्या सगळे शेअर्समध्ये आहेत आणि बाजार ४० टक्के पडला. उरले ६० हजार. पुन्हा लाखावर यायला आता ६७ टक्के वाढ लागेल. आता दुसरी बाजू. ६० हजार शेअर्समध्ये, ४० हजार ७ टक्क्यांच्या एफडीत. तीच पडझड झाली तर शेअर्सचे ३६ हजार राहतात, एफडीचे ४२,८०० होतात. एकूण ७८,८००. इथून लाखावर यायला २७ टक्के पुरतात. शिवाय ६०:४० चं प्रमाण परत जुळवायचं म्हटलं तर ११,२८० रुपये एफडीतून काढून शेअर्समध्ये टाकावे लागतात, म्हणजे जग विकत असताना आपण स्वस्तात घेतो आणि तेही ठरलेल्या नियमाने. ४० टक्के हा आकडा मी भीती घालायला निवडलेला नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये आठ हजारांच्या घरात आला होता.

या विचाराच्या मुळाशी हॅरी मार्कोविट्झ यांचा १९५२ चा निबंध आहे. त्यासाठी त्यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की एकेका गुंतवणुकीची जोखीम सुटी पाहून उपयोग नाही, त्या एकमेकींबरोबर कशा हलतात ते पाहा. आपल्याकडचं उदाहरण घ्या. नोकरी नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात, शेअर्स चार केमिकल कंपन्यांचे, आणि भाड्याने दिलेली खोलीही त्याच कामगारवस्तीत. कागदावर सहा वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. धंद्यात मंदी आली की पगार, शेअर्स आणि भाडं, तिन्ही एकदम खाली येतात.

हे गणित कुठे नीट शिकायला मिळेल, यावर आता प्रत्येक रस्ता तपासू.

क्लासबद्दल मी अनुभवाने बोलते आहे. २०२१ मध्ये मी अलकापुरीतल्या एका क्लासला गेले. दीर्घकालीन गुंतवणूक शिकवू असं सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी सव्वानऊला व्हॉट्सॲपवर ऑप्शन्सचे सौदे यायला लागले, आणि खातंही त्यांच्याच ओळखीच्या ब्रोकरकडे उघडायला लावलं होतं. दोन महिन्यांत माझे ६२ हजार गेले. फी वेगळी. ते पैसे लेकीच्या फीसाठी ठेवलेले होते, हे मला आजही लागतं. नंतर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास वाचला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. तेव्हा कळलं की माझं जे झालं ते माझ्या एकटीचं नव्हतं.

तरी सगळेच क्लास वाईट असं मी म्हणणार नाही. समोर माणूस असतो, शंका तिथल्या तिथे विचारता येते, ठरलेल्या वेळी जावं लागतं म्हणून अभ्यास होतो. ज्यांना एकट्याने वाचणं जमतच नाही त्यांना याची किंमत आहे. पण फी भरण्याआधी तीन गोष्टी बघा. अभ्यासक्रमात मालमत्तेच्या वाटपाला, म्हणजे शेअर्स, एफडी वगैरेंत कुठे किती पैसा ठेवायचा याला, किती तास आहेत, ते मोजा. खातं अमुकच ब्रोकरकडे उघडा असा आग्रह आहे का, ते विचारा. आणि चालू बाजारातले शेअर दाखवून 'हा घ्या, तो विका' चालतं का, ते एक दिवस बसून पाहा. सेबीने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे की शिकवण्याच्या नावाखाली गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून कुठल्या शेअरचा सल्ला द्यायचा नाही. सल्ला द्यायचा असेल तर सेबीकडे नोंदणी लागते, आणि नोंदणी आहे की नाही ते सेबीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं.

दुसरा रस्ता फुकट वाचनाचा. यात झिरोधा या ब्रोकरची व्हर्सिटी ही शिकवणारी वेबसाइट मला सगळ्यात सोपी वाटली. भाषा इंग्रजी किंवा हिंदी, पण उदाहरणं आपल्या बाजाराची. फक्त क्रम बदलून वाचा. तिथे आलेख आणि ऑप्शन्सचे भागही आहेत आणि नवा माणूस तिकडेच आधी ओढला जातो. तुम्ही पर्सनल फायनान्सच्या भागापासून सुरू करा. म्युच्युअल फंडाच्या खर्चाचं गणित तिथे समजतं, आणि ते समजलंच पाहिजे. महिना ५ हजारांची एसआयपी २० वर्षं १२ टक्क्यांनी वाढली तर साधारण ५० लाख होतात, ११ टक्क्यांनी वाढली तर ४३ लाख ७० हजारांच्या आसपास. एका टक्क्यात सव्वासहा लाख जातात. फंडाच्या रेग्युलर (वितरकामार्फत घेतलेल्या) आणि डायरेक्ट (थेट फंडाकडून घेतलेल्या) प्लॅनमधला खर्चाचा फरक अनेकदा इतका असतो, आणि डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून सगळ्यांना खुला आहे. या रस्त्याची अडचण एकच, कोणी विचारणारं नसतं. चौथ्या प्रकरणानंतर टॅब उघडी राहते आणि महिना जातो.

तिसरा रस्ता मला सगळ्यात भावतो: एनआयएसएमची परीक्षा. ही सेबीनेच २००६ मध्ये उभी केलेली संस्था. तिची म्युच्युअल फंड वितरकांसाठीची सिरीज ५-ए ही परीक्षा कोणीही देऊ शकतं. फी दीड हजार, १०० प्रश्न, दोन तास, ५० टक्क्यांना पास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अभ्यासाचं पुस्तक संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. त्याहून छोटी सुरुवात हवी असेल तर सेबीची गुंतवणूकदार प्रमाणपत्र परीक्षा पूर्ण मोफत आहे, ५० प्रश्नांची, एका तासाची. मी ५-ए दिली ती बेचाळिसाव्या वर्षी. रविवारी सकाळी सेंट्रल लायब्ररीत बसायचे. सयाजीराव महाराजांच्या काळातली ती वास्तू, पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन, वरचा उजेड खाली झिरपतो. घरी डोकं लागत नव्हतं, तिथे लागलं. या पुस्तकाचा तोटाही सांगते. ते विक्रेत्यासाठी लिहिलेलं आहे, त्यामुळे नियमांची प्रकरणं रुक्ष आहेत आणि ती पाठच करावी लागतात. पण जोखीम, परतावा, मालमत्तेचं वाटप, कर, सगळं एका ओळीत लावून दिलेलं असतं आणि परीक्षेची तारीख मानेवर असते. माझ्यासारख्या नोकरी-घर सांभाळणाऱ्या बाईला तारखेचाच आधार झाला.

एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या सरकारी संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पोर्टफोलिओ व्यवस्थापनाचे कोर्सही येतात. ऐकायला मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला हजार रुपये. ज्यांना संख्याशास्त्र आवडलं होतं त्यांनीच जावं. सीएफए ही गुंतवणूक क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय व्यावसायिक परीक्षा फक्त याच क्षेत्रात करिअर करायचं असेल तर. तीन पातळ्या, प्रत्येकीला शेकड्याने तास आणि डॉलरमध्ये फी. घरचे पैसे सांभाळायला त्याची गरज नाही.

आणि एक रस्ता या सगळ्यांबरोबर चालायचा: वही. घरातली प्रत्येक एफडी, पीपीएफ, विमा, सोनं, फंड एका पानावर लिहायचं, समोर रक्कम, मुदत आणि तो पैसा कशासाठी आहे ते. दर सहा महिन्यांनी प्रमाण काढायचं. पुस्तकातलं प्रकरण वाचून झालं की त्याच दिवशी वहीत उतरवायचं. हे केलं नाही तर ५-एमध्ये ९० गुण मिळूनही हाताला काही लागत नाही.

भाचीने परीक्षेची तारीख घेतली आहे. २५ हजारांपैकी दीड हजार तिकडे गेले, बाकीचे अडीअडचणीसाठी बँकेतच ठेवलेत. परवा तिची वही पाहिली. पहिल्या पानावर तिने बाबांच्या ठेवी लिहिल्यात: सात लाख, सगळे एकाच बँकेत, एकट्या त्यांच्या नावावर. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच असतो, हे वाचून तिने त्या ओळीखाली लाल रेघ ओढली आहे. पुढच्या महिन्यात एका ठेवीची मुदत संपते. त्यातले अडीच लाख दुसऱ्या बँकेत जाणार आहेत, आणि भाऊजींनी फॉर्म आणून ठेवला आहे.