अँबॅसेडरचे हेडलाइट: रिले लावून हॅलोजन की एलईडी बल्ब?

बल्ब बदलण्याआधी मल्टिमीटर लावा. इंजिन चालू, लाइट चालू, बॅटरीवर १३.५ व्होल्ट आणि बल्बच्या पिनवर ११.५ दिसत असतील, तर दोष बल्बचा नाही. जुन्या स्विचमधून नि बारीक वायरीतून दोन व्होल्ट वाटेतच मुरतात.

हॅलोजन लावायचा तर ६०/५५ वॉटचा एच४ घ्या, म्हणजे हाय आणि लो बीम एकाच बल्बमध्ये. हाय आणि लो बीमला वेगळा ३० अँपिअरचा रिले (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीची वीज थेट बल्बला सोडणारा), बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिलिमीटर वायर. अर्थची वायर थेट बॉडीला, रंग खरवडून. साहित्य कोल्हापुरात उद्यमनगरात मिळतं. १००/९० वॉटच्या मोहात पडू नका, होल्डर वितळतो.

एलईडी वीज कमी खातो. अल्टरनेटरऐवजी कमी वीज देणारा डायनामो असलेल्या जुन्या गाडीला हा फायदा मोठाच. पण सात इंची रिफ्लेक्टर फिलामेंटसाठी घडवलेला. एलईडीची चिप जरा त्या जागेवरून सरकली की बीम फिसकटतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एलईडी बल्बमागचा थंड करणारा पंखा हेडलाइटच्या बाऊलमध्ये मावतो का, तेही बघा. आणि पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटातल्या धुक्यात तो पांढराफेक उजेड म्हणजे समोर चुन्याची भिंत!

घाटात जाणाऱ्यानं हॅलोजनच घ्यावा. शहरातच, रंकाळ्यापर्यंत फेरी असेल, तर एलईडीही चालेल. फक्त भिंतीवर बीम तपासून.