जेसन अंतराळात गेला, पण जीव तळ्यातच

माझा धंदा गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचा. गाडीला तीन लिटरचा कंटेनर, त्यात द्रवरूप नायट्रोजन आणि नायट्रोजनात बुडालेल्या वीर्याच्या कांड्या. उणे १९६ अंशांशी रोजची ऊठबस. त्यामुळे 'जेसन एक्स' मी पहिल्यांदा सीडी आणून बघितला तेव्हाही, आणि परवा भाच्यासोबत लॅपटॉपवर परत लावला तेव्हाही, लक्ष एकाच सीनकडे होतं. तो सांगतोच, पण आधी गोष्ट.

'फ्रायडे द थर्टीन्थ' या भयपटांच्या मालिकेतला हा दहावा सिनेमा, अमेरिकेत २००२ मध्ये लागलेला. जेसन म्हणजे या मालिकेतला मुखवटेवाला खुनी, क्रिस्टल लेक नावाच्या तळ्याकाठी पोरांना मारत फिरणारा. दुसऱ्या एका भयपट-मालिकेतला खुनी फ्रेडी आणि जेसन यांची झुंज लावायचा बेत तेव्हा रखडला होता. तोवर मालिका जिवंत ठेवायची, पण त्या झुंजीच्या कथेला धक्का लावायचा नाही, म्हणून यांनी जेसनला थेट भविष्यात ढकलून दिला. २०१० मध्ये क्रिस्टल लेकच्या संशोधन केंद्रात तो गोठतो, सोबत रोवन नावाची शास्त्रज्ञही गोठते, आणि २४५५ मध्ये सहलीला आलेले विद्यार्थी दोघांना उचलून ग्रेंडेल नावाच्या यानावर घेऊन जातात. पृथ्वी तोवर नापीक झालेली. माझ्या कंटेनरमध्ये पंधरा-वीस दिवसांत नायट्रोजन भरला नाही तर माल वाया जातो. तिथं ४४५ वर्षं थंडावा कोण राखत होतं, हे कोणी सांगत नाही. असो.

सुरुवातीलाच डेव्हिड क्रोनेनबर्ग हा मोठा दिग्दर्शक नट म्हणून येतो, पाच मिनिटांत मरतो. दिग्दर्शक जेम्स इसाकनं पूर्वी त्याच्या सिनेमांच्या इफेक्ट्सचं काम केलेलं, त्या ओळखीतून आला असावा. मजा वाटते.

आता तो सीन. प्रयोगशाळेत एकटी मुलगी, पाठीमागे टेबलावर जेसन वितळतोय. (आम्हाला एक कांडी वितळवायला ३७ अंशाचं पाणी आणि घड्याळात तीस सेकंद लागतात, हा गडी आपोआप.) तो उठतो, तिचं तोंड नायट्रोजनच्या सिंकमध्ये दाबतो, काढतो आणि ओट्यावर आपटतो. काचेचा ग्लास फुटावा तसा चेहरा फुटतो. भाचा लगेच म्हणाला, "मामा, तुझ्या कंटेनरमध्ये तोंड घातलं तर असंच होतं?" म्हटलं, एवढ्या चार-पाच सेकंदांत नाही. हातावर थेंब उडाला तर पाऱ्यासारखा पळतो. चिकटून राहिला तरच कातडी जाते. आख्खं डोकं आतपर्यंत गोठायला बराच वेळ लागेल. त्याला दाखवायला सकाळी जास्वंदीचं फूल चिमट्यात धरून बुडवलं. उकळल्यासारखा आवाज झाला, बाहेर काढून मुठीत दाबलं तर चुरा. फूल पातळ असतं, डोकं नसतं, एवढं त्याला पटलं. तरीही सांगतो, शास्त्र चुकलंय आणि सीन एक नंबर जमलाय. त्या खोलीत जे सामान आहे तेच वापरून खून केलाय, म्हणून जमलाय.

बाकी यानात तसं काही नाही. लख्ख उजेडाचे बोळ, सरकते दरवाजे, गणवेशातले सैनिक एकेक करून गळतात. एखाद्या नव्या खासगी दवाखान्यात फिरल्यासारखं वाटतं. जेसनची भीती कशात होती? काळोखात, चिखलात, झाडामागच्या हालचालीत. ट्यूबलाइटखाली तो नुसता धिप्पाड माणूस दिसतो. केन हॉडर चौथ्यांदा तो मुखवटा घालून उभा आहे, छाती वरखाली करत नुसता श्वास घेतो तरी दम दिसतो, पण मागे अंधारच नाही तर तो करणार काय? पुढे यंत्रबाई के-एम १४ त्याच्या चिंधड्या करते आणि यानातले सूक्ष्म यंत्रमानव त्याला पोलादी करून परत उभा करतात. तो नवा अवतार मला जत्रेतल्या पुतळ्यासारखा वाटला. भाच्याला मात्र तोच आवडला.

आणि गंमत बघा. त्याला थोपवायला हे लोक यानातच खोटं क्रिस्टल लेक उभं करतात. १९८० साल, तंबू, झाडं, रात्र, दोन आगाऊ पोरी. झोपायच्या पिशवीत पोरगी घालून झाडावर आपटायचा प्रकार सातव्या भागातला, तो इथं दोन पिशव्या एकमेकींवर आपटून दामदुप्पट केलाय. मी खो-खो हसलो. एवढा खर्च करून अंतराळात नेला आणि सगळ्यात खुलला तो त्या खोट्या जंगलात!

दहापैकी सहा. त्यातले तीन त्या सिंकचे आणि दोन पिशव्यांचे. एक पीटर मेन्साहचा; त्याचा सार्जंट भोसकला तरी मरायला तयार नसतो. लेक्सा डोइगनं रोवन नीट केलीय, पण तिच्या वाट्याला पळणंच जास्त. जेवताना लावू नका. आणि घरात कंटेनर असेल तर झाकणावर लक्ष ठेवा, आमच्याकडं दुपारी भाचा टोमॅटो घेऊन तिथं घुटमळताना सापडला.